बीजदोष आणि प्रारब्ध

कर्त्या वयापर्यंत निरोगी असलेल्या माणसाला त्याच्या आईची किंवा वडिलांची व्याधी जडावी आणि तिचे मूळ त्याच्या जन्माबरोबरच शरीरात आलेले असावे, ही घटना वैद्यकाइतकीच तत्त्वज्ञानालाही अडचणीत टाकणारी आहे. संसर्गजन्य आजाराचे कारण बाहेर दाखवता येते आणि व्यसनातून आलेल्या आजाराचे आचरणात. परंतु विशिष्ट आईबापांच्या पोटी जन्म घेतला एवढ्यामुळेच जो आजार होतो, त्याचा दोष कोणाकडे जातो हा प्रश्न मागे उरतो, आणि कर्मसिद्धान्ताच्या छायेत वाढलेल्या समाजात तो नीट विचारला जाण्यापूर्वीच त्याचे उत्तर देऊन टाकले जाते. ते उत्तर म्हणजे प्रारब्ध. हे उत्तर कितपत टिकते आणि कोणाच्या तोंडी शोभते, याची तपासणी येथे करावयाची आहे, आणि त्यासाठी मुंबईतील एका मज्जाविकारतज्ज्ञाने वेगळा म्हणून ओळखलेल्या एका आनुवंशिक विकाराचा आधार घ्यावयाचा आहे.

डॉ. नोशीर वाडिया (1925–2016) यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांच्या अभ्यासाचा पाया घातला. 1971 मध्ये डॉ. स्वामी यांच्यासह त्यांनी ‘ब्रेन’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात नऊ भारतीय कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबांतील रुग्णांच्या स्नायूंत ताकद असूनही हालचालींतील मेळ हरपत चालला होता. वैद्यकात या अवस्थेला अटॅक्सिया म्हणतात, आणि मेंदूच्या मागच्या बाजूस असलेला लहान मेंदू, जो शरीराचा तोल व हालचालींचे प्रमाण सांभाळतो, तो झिजत गेल्याने ती उद्भवते. अशी कुटुंबे जगात इतरत्रही पाहिली गेली होती. वाडियांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी रुग्णांच्या नजरेकडे बारकाईने पाहिले. निरोगी माणसाची दृष्टी एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर निमिषार्धात उडी घेते, तर या रुग्णांची दृष्टी संथपणे सरकत जात होती, आणि या एका खुणेवरून हा विकार इतरांपासून निराळा काढता येतो असे त्यांनी दाखवले. पुढे 1996 मध्ये संशोधकांच्या तीन स्वतंत्र गटांनी या विकारास कारण होणारे जनुक शोधले, विकाराला ‘स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार 2’ असे नाव रूढ झाले, आणि 1998 मध्ये वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय वंशावळींच्या जनुकीय तपासणीतून मंद नजरेचे निदानातील महत्त्व पुन्हा सिद्ध केले. ज्या काळात जनुक पाहण्याचे साधनच नव्हते, त्या काळात रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहून केलेले हे निदान पंचवीस वर्षांनी प्रयोगशाळेत खरे ठरावे, ही भारतीय वैद्यकाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

विकाराची सुरुवात बहुधा तिशी-चाळिशीच्या सुमारास होते, क्वचित बालपणी आणि क्वचित साठीनंतरही होते. आधी जिना उतरताना तोल जातो, मग सपाट रस्त्यावरही पाय फाकवून टाकावे लागतात; जीभ जड होते, शब्द एकमेकांवर घसरतात, पेला उचलताना हात हेलकावतो, पुढे पाणी गिळतानाही ठसका लागतो, आणि काही वर्षांनी चाकाची खुर्ची अटळ होते. या सर्वांच्या मुळाशी असलेला दोष मात्र अत्यंत लहान आहे. बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात, म्हणजे प्रथिन घडवण्याच्या लिखित सूचनेत, ‘सीएजी’ ही तीन रासायनिक अक्षरे ओळीने पुन्हा पुन्हा येतात; बहुतेक माणसांत ती 22 वेळा येतात, आणि ही संख्या साधारण 33 किंवा त्याहून अधिक झाली की त्या सूचनेवरून घडणारे प्रथिन लांबट होऊन लहान मेंदूतील पेशींना हळूहळू मारू लागते. प्रत्येकाजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. त्यांपैकी एक जरी सदोष असली तरी विकार होतो. म्हणून रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि ज्या अपत्याकडे सदोष प्रत आलेली नाही त्याच्यापुरती ही साखळी कायमची तुटते. जेथे ती पुढे जाते तेथे मात्र, विशेषतः वडिलांकडून आलेली असल्यास, ती तीन अक्षरे आणखी वाढण्याचा संभव असतो, आणि ती जितकी अधिक तितका विकार लवकर प्रकट होतो. आजोबांना पन्नाशीत, वडिलांना चाळिशीत आणि मुलाला पंचविशीत ग्रासणारा आजार घरातल्यांना वाढत्या शापासारखा भासला तर त्यात नवल नाही. शास्त्राला जी अक्षरांची वाढ दिसते, ती घराला कोपाची वाढ वाटते.

हा आजार ज्या समाजात उतरतो त्या समाजाची शरीराविषयीची धारणाही येथे लक्षात घ्यावी लागते. उदाहरणार्थ, कोल्हापूरची मंगळवार पेठ ही अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता येईल अशी जुनी वस्ती असून, तालमी, तालमींचे फुटबॉल संघ आणि जवळच असलेले राजर्षी शाहू महाराजांच्या काळातील खासबाग मैदान यांनी तेथील जीवनाला आकार दिला आहे. तेथे शरीर ‘कमावण्याची’ गोष्ट आहे. जोर, बैठका, खुराक आणि संयम यांतून ते मिळवले जाते आणि व्यसनाने गमावले जाते, ही तेथील साधी नीती आहे. ही नीती सुंदर आहे, पण तिच्या चौकटीत अटॅक्सियाच्या रुग्णाला जागा सापडत नाही. दिवसाढवळ्या झोकांड्या खात, जड जिभेने बोलत चालणारा माणूस पाहणाऱ्याला दारू प्यालेला वाटतो, आणि ज्याने आयुष्यात थेंबही घेतला नाही त्याला हा आरोप रोज सोसावा लागतो. अशा व्याधीचा अर्थ लावू पाहणारे घर एकीकडे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाची, म्हणजे शहराच्या बोलीतील ‘सीपीआर’ची पायरी चढते, तर दुसरीकडे पत्रिका दाखवते, नरसोबाच्या वाडीला जाते, पितृदोषाची शांत करून घेते आणि कधी देवऋषीपुढेही बसते. यात हसण्यासारखे काही नाही. आजाराला नाव मिळत नाही तोवर माणूस जे नाव मिळेल ते घेतो, आणि तालुक्याच्या ठिकाणी या विकाराचे नेमके नाव सांगू शकणारे डॉक्टर आजही मोजकेच भेटतात.

या शोधात सर्वांत सहज हाती येणारी कल्पना प्रारब्धाची. वेदान्ताच्या रूढ मांडणीनुसार जीवाने पूर्वजन्मांत केलेल्या कर्मांचा साठा म्हणजे संचित, त्यांपैकी ज्या कर्मांचे फळ या जन्मी भोगावयास सुरुवात झाली ते प्रारब्ध, आणि आता घडत असलेले ते क्रियमाण. ज्ञानाने संचित जळते, पण प्रारब्ध भोगूनच संपते, असे मानले जाते. त्यामुळे ज्ञानी पुरुषालाही व्याधी होऊ शकते, याचे समाधानकारक उत्तर या मांडणीत आहे, आणि ते तिचे बळ आहे. परंतु या सिद्धान्ताचा गाभा दुसराच आहे, आणि आनुवंशिक आजाराच्या संदर्भात तो विसरला जातो. भारतीय दर्शनकारांनी कर्माचा विचार करताना दोन दोष टाळण्याची काळजी घेतली: केलेल्या कर्माचे फळ न मिळणे हा कृतप्रणाश, आणि न केलेल्या कर्माचे फळ मिळणे हा अकृताभ्यागम. ज्याचे कर्म त्यालाच फळ, हा नियम सुटला तर कर्मसिद्धान्तात नीती उरत नाही. वडिलांच्या पापाने मुलगा आजारी पडला असे म्हणणे म्हणजे उघड अकृताभ्यागम मान्य करणे होय, आणि म्हणून ‘घराण्याचे भोग’ ही लोकांच्या तोंडची समजूत कर्मसिद्धान्तातून निघालेली वाटली तरी त्याच सिद्धान्ताच्या विरुद्ध जाते.

परंपरेत या नियमाला छेद देणारे आवाज आहेत, हे येथे नोंदवले पाहिजे. अधर्माचे फळ कर्त्याला मिळाले नाही तर ते मुलांना आणि मुलांनाही नाही तर नातवंडांना मिळते, असे मनुस्मृती सांगते. आणि लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ या प्रकरणात, माणूस कोणत्या तरी कुळात जन्मतो त्या अर्थी कुळासारख्या समूहाच्या कर्माचाही काही भाग त्याला भोगावा लागतो, असे प्रतिपादन केले आहे. टिळकांच्या म्हणण्यात एक व्यावहारिक सत्य आहे: पूर्वजांनी कर्ज केले, जमीन विकली, जंगल तोडले, तर त्याचे परिणाम वंशजांपर्यंत पोहोचतात. पण बाराव्या गुणसूत्रावरील तीन अक्षरे कोणाच्याही कृतीचा परिणाम नाहीत. ती वाढण्यापूर्वी कोणी काही केले नव्हते, आणि ती वाढू नयेत म्हणून कोणाला काही करताही आले नसते. परिणाम समूहापर्यंत पोहोचतो हे मान्य केले तरी त्यामागे कृती असावी लागते, आणि येथे कृतीच नाही.

यावर कर्मवाद्याचे एक चतुर उत्तर असते. वडिलांचे पाप मुलाकडे जात नाही. ज्या जीवाच्या प्रारब्धात हा भोग होता त्याच जीवाने असे बीज असलेल्या घरात जन्म घेतला, एवढेच. तार्किक दृष्ट्या हे उत्तर निर्दोष आहे, परंतु ते इतके निर्दोष आहे की त्याला कोणतीही घटना खोटी ठरवू शकत नाही. दोन सख्ख्या भावांपैकी थोरल्याला विकार झाला तर थोरल्याचे प्रारब्ध, धाकट्याला झाला तर धाकट्याचे, दोघांना झाला तर दोघांचे. शिवाय परंपरा स्वतःच कर्माची गती गहन आहे असे सांगते, म्हणजे कोणत्या कर्माचे कोणते फळ हे माणसाला वाचता येत नाही असे मानते. मग रुग्णाच्या उशाशी बसून ‘मागच्या जन्मी काही तरी केले असेल’ असे बोलणारा माणूस ज्या ज्ञानाचा दावा करतो, ते ज्ञान माणसाला नाही असे त्याचीच परंपरा सांगत असते. ही केवळ कठोरता नव्हे, ते अधर्माचे बोलणे आहे.

प्राचीन वैद्यक या बाबतीत आजच्या लोकसमजुतीपेक्षा अधिक सावध होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील चोविसाव्या अध्यायात व्याधींचे सात वर्ग सांगितले आहेत. त्यांतील पहिला वर्ग आदिबलप्रवृत्त, म्हणजे शुक्र व शोणित या मातापित्यांच्या बीजांतील दोषांमुळे होणाऱ्या व्याधींचा, आणि त्याचेही मातृज व पितृज असे दोन भेद केले आहेत. देवाचा द्रोह, शाप आणि अथर्वणमंत्रांचे प्रयोग, ज्यांना आजची बोली करणी म्हणेल, यांतून उद्भवणाऱ्या व्याधींसाठी दैवबलप्रवृत्त असा निराळाच वर्ग केला आहे. सुश्रुताने शापाला नाकारले नाही. पण बीजदोषाला शापापासून वेगळे काढले, आणि हे वेगळेपण या चर्चेत फार मोलाचे आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात भरद्वाज आत्रेयांना विचारतो की, माणसापासून माणूसच जन्मतो तर आंधळ्या, कुबड्या, मुक्या आईबापांची मुले त्यांच्यासारखी का होत नाहीत. आणि त्याला उत्तर मिळते ते असे की, बीजाचा जो भाग दूषित झालेला असेल त्याच भागापासून होणारा अवयव अपत्यात विकृत होतो, आणि बीजाचा तो भाग दूषित नसेल तर होत नाही. बीजात भाग असतात आणि दोष त्यांपैकी एखाद्याच भागात असू शकतो, ही कल्पना जनुकशास्त्राची पूर्वसूचना आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रश्न मात्र नेमका तोच आहे. परंपरेचे चित्र एकरंगी नाही हेही खरे. चरक बीजाबरोबर आत्म्याच्या कर्माचाही उल्लेख करतो, आणि जे कुष्ठ सुश्रुताने आदिबलप्रवृत्त व्याधींचे उदाहरण म्हणून दिले, त्यालाच सुश्रुत दुसऱ्या ठिकाणी पापाचे फळ म्हणतो. पण ज्याला विचार करायचा आहे त्याला परंपरेतच विचाराची सामग्री मिळते, एवढे यातून स्पष्ट होते.

बुद्धांची भूमिका याहून थेट आहे. संयुत्तनिकायात सीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारले की, माणूस जे जे सुखदुःख अनुभवतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले मत काय. बुद्धांनी पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम आचरण आणि आघात अशी कारणे एकामागून एक सांगून कर्मविपाकाला शेवटचे, आठवे स्थान दिले, आणि सर्व काही पूर्वकर्मावर लादणारे लोक स्वतःला आणि जगाला ठाऊक असलेल्या गोष्टींच्या पलीकडे धावतात, असे सांगितले. कोल्हापूर परिसरात मोठ्या संख्येने असलेल्या जैन समाजाच्या दर्शनात कर्म हे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे एक प्रकारचे द्रव्यच मानले आहे, आणि शरीराची घडण ठरवणारे नामकर्म व सुखदुःख देणारे वेदनीय कर्म हे अघाती, म्हणजे आत्म्याच्या ज्ञानादी मूळ गुणांचा घात न करणारे, अशा वर्गात ठेवले आहे. कर्माचे हे द्रव्यरूप पाहून कर्मपुद्गल म्हणजेच जनुक असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा. जैन मतानुसार कर्म ज्या जीवाने बांधले त्यालाच चिकटते, ते बापाकडून मुलाकडे जात नाही. जनुक मात्र बापाकडून मुलाकडे जाते. कर्म आणि जनुक यांतील हा भेद इतका मूलभूत आहे की दोहोंना एक मानणारा दोन्हींवर अन्याय करतो.

मग प्रारब्धाची कल्पना रुग्णाच्या घरातून हद्दपार करावी काय? तसे करणे योग्य होणार नाही. अनेक रुग्ण स्वतःच म्हणतात की हा आपला भोग आहे, तो भोगून संपवू. आणि असे म्हणताना ते स्वतःला पापी ठरवत नसतात, तर ज्यावर इलाज नाही त्याच्याशी भांडण्यात उरलेले बळ न घालवण्याचा निश्चय करत असतात. भोगणाऱ्याने स्वतःपुरता केलेला प्रारब्धाचा विचार त्याला धीर देतो. शेजाऱ्याने, पुरोहिताने किंवा सासरच्यांनी त्याच्याविषयी केलेला तोच विचार आरोप होतो. धार्मिक कल्पनेचे सत्य काही वेळा ती कोण कोणासाठी वापरतो यावर अवलंबून असते, आणि प्रारब्ध ही तशी कल्पना आहे.

पित्याचा दोष मुलांवर लादण्याचे सर्वांत मोठे उदाहरण तर मराठी समाजाच्या स्मृतीतच आहे. संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आलेल्या विठ्ठलपंतांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले, त्यांनी व रुक्मिणीबाईंनी ते पत्करले, आणि तरीही निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान व मुक्ताई या मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले, अशी परंपरा आहे. आज महाराष्ट्रात एकही माणूस असे म्हणत नाही की ती मुले आपल्या किंवा आईबापांच्या कर्माचे फळ भोगत होती. दोष निवाडा करणाऱ्यांचा होता हे सर्वांनी मान्य केले आहे. ज्या समाजाने सातशे वर्षांत हे एवढे स्वच्छ ओळखले, त्यानेच रुग्णाच्या मुलांची स्थळे ‘त्या घराण्यात आहे’ एवढे बोलून माघारी पाठवावी, ही विसंगती दुःखद आहे. त्यातही आजाराचा बोल घरात आलेल्या बाईवर अधिक येतो. अंबिकेने डोळे मिटले म्हणून धृतराष्ट्र आंधळा झाला, असे सांगणारे महाभारतही अपत्याच्या व्यंगाचे कारण आईच्या वागण्यात शोधते; आणि नवऱ्याला लग्नानंतर पाच-सात वर्षांनी झोक जाऊ लागला की सुनेच्या पायगुणाची चर्चा सुरू होते, जरी सदोष जनुक नवऱ्याच्या शरीरात त्याच्या जन्मापासून असले तरी.

येथवरचा प्रश्न कारणाचा होता. जनुक सापडल्यावर त्याहून कठीण प्रश्न उभा राहिला, तो आधी कळण्याचा. लक्षणे दिसण्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधी रक्ताच्या तपासणीतून, हा विकार होणार की नाही, हे आता सांगता येते. या प्रश्नाचा सर्वाधिक विचार हंटिंग्टन आजाराच्या संदर्भात झाला आहे. 1872 मध्ये जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकी डॉक्टरने वर्णिलेल्या या आजारातही तीच तीन अक्षरे, पण चौथ्या गुणसूत्रावरील जनुकात, वाढलेली असतात. शरीराच्या अनावर हालचालींबरोबर मन व बुद्धीही झिजत जाते. नॅन्सी वेक्सलर या संशोधिकेच्या आईला हा आजार होता. तिने व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या पीडित कुटुंबांत वर्षानुवर्षे काम केले, त्या कामातून 1983 मध्ये जनुकाची जागा व 1993 मध्ये प्रत्यक्ष जनुक सापडले, आणि तरीही ज्या तपासणीचा मार्ग तिनेच मोकळा केला त्या तपासणीपासून ती स्वतः दीर्घकाळ दूर राहिली. 2020 मध्ये, लक्षणे लपण्यासारखी राहिली नाहीत तेव्हा, आपल्याला हा आजार असल्याचे तिने जाहीरपणे सांगितले. तपासणी उपलब्ध होण्यापूर्वी पुष्कळ लोक ती करून घेऊ म्हणत होते. उपलब्ध झाल्यावर बहुतेकांनी ती टाळली. यावरून माणूस भित्रा ठरत नाही. उपाय नसलेले सत्य जाणण्याचे कर्तव्य कोणावर लादता येत नाही, एवढे यावरून दिसते.

भारतीय कथांत या प्रश्नाचे दोन प्रसंग विचार करण्याजोगे आहेत. परीक्षिताला सात दिवसांत तक्षकाच्या दंशाने मृत्यू येणार हे कळले. महाभारतातील परीक्षित हे कळताच एकस्तंभी प्रासाद बांधून, पहारे बसवून, मंत्रवेत्ते व औषधे जमवून बसतो आणि फळातील किड्याच्या रूपाने मृत्यू तरीही आत येतो. भागवतातील परीक्षित तेच कळल्यावर गंगेच्या काठी बसतो आणि शुकांकडून सात दिवस श्रवण करतो, ज्याच्या स्मरणार्थ महाराष्ट्रात गावोगाव भागवत सप्ताह बसतात. कळलेले सत्य एकच, त्याचे दोन उपयोग. ज्याला जनुकाची तपासणी करावयाची आहे त्याने स्वतःला विचारावे ते हेच की, उत्तर आल्यावर आपण प्रासाद बांधणार की काठावर बसणार. एक फरक मात्र लक्षात ठेवला पाहिजे: परीक्षिताला दिवस कळला होता, आजच्या तपासणीतून होणार की नाही हे कळते, कधी ते नेमके कळत नाही, आणि ही अनिश्चितता वाट पाहणे अधिक अवघड करते.

दुसरा प्रसंग सावित्रीचा, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. सत्यवानाचे आयुष्य एका वर्षाचे उरले आहे हे नारदाने अश्वपतीच्या सभेत, विवाहापूर्वी, सावित्रीच्या समक्ष सांगितले. पित्याने दुसरा वर निवडण्यास सुचवले, आणि सर्व जाणून तिने सत्यवानालाच वरले. नंतर वर्षभर ती दिवस मोजत राहिली, पण सत्यवानाला तिने काही सांगितले नाही. या कथेत जाणण्याचा अधिकार आणि न जाणण्याचा अधिकार हे दोन्ही एकाच घरात नांदतात, आणि म्हणून आजच्या वैद्यकीय नीतीला ती पुष्कळ शिकवू शकते. वटपौर्णिमेला जिची पूजा होते तिला सत्य आधी सांगितले गेले होते, तिची निवड जाणतेपणाची होती. आज मात्र अनेक घरांत याच्या उलट घडते, कुटुंबाला आजार ठाऊक असतो आणि सून किंवा जावई म्हणून येणाऱ्याला तो ठाऊक नसतो. हे लपवणे भीतीपोटी होते आणि ती भीती समाजानेच निर्माण केली आहे, हे मान्य करूनही, लपवणाऱ्याने समोरच्याची सावित्रीपणाची संधी हिरावून घेतली असेच म्हणावे लागते. जो धोक्यात आहे त्याने स्वतःची तपासणी करावी की नाही हा त्याचा प्रश्न. पण घराण्यात असा विकार आहे एवढे लग्नापूर्वी सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे.

या अधिकारांची गुंतागुंत एवढ्यावर थांबत नाही. आजोबांना आजार असलेल्या नातवाने तपासणी केली आणि दोष आढळला, तर ज्या वडिलांनी स्वतः जाणून घेण्यास नकार दिला होता त्यांनाही आपले भविष्य आपोआप कळते, कारण दोष त्यांच्यातूनच आलेला असतो. एका माणसाचे जाणणे दुसऱ्याच्या न जाणण्यावर आक्रमण करते. अल्पवयीन मुलांची तपासणी, ज्यावर बालपणी काहीच उपचार करावयाचा नाही अशा विकारासाठी, करू नये असा जगभरच्या तज्ज्ञांचा संकेत आहे, आणि तो योग्यच आहे, कारण पालकांच्या काळजीसाठी मुलाचा पुढचा निर्णय काढून घेता येत नाही. जन्माला येण्यापूर्वीच गर्भाची तपासणी करून सदोष बीज थांबवावे काय, हा प्रश्न तर आणखी जड आहे. ज्यांनी आईवडिलांना या आजारात झिजताना पाहिले त्या दांपत्याचा तसा निर्णय क्रूर म्हणता येणार नाही. पण तीस-पस्तीस वर्षे निरोगी जगून मग आजारी पडणारे आयुष्य जगण्यालायकच नाही, असा निष्कर्ष मात्र कोणी त्यातून काढू नये. ज्ञानदेवांनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली, आणि त्या आयुष्याचे मोल कोणी वर्षांनी मोजले नाही.

शेवटी ‘मी’ कोण हा प्रश्न उरतो. देह म्हणजे आत्मा नव्हे हे गीतेपासून कीर्तनापर्यंत सर्वत्र सांगितले जाते, आणि ज्याचे हातपाय ऐकत नाहीत पण बुद्धी शाबूत आहे अशा रुग्णाला त्याचा खरा आधार वाटतो. हंटिंग्टन आजारात मात्र बुद्धी आणि स्वभावच बदलतो; शांत माणूस संतापी होतो, विचारी माणूस बेपर्वा होतो. तेथे देहापलीकडचा ‘मी’ दाखवणे कठीण वाटते. सांख्य आणि वेदान्त यांचे या ठिकाणी एक दूरदर्शी म्हणणे आहे: मन, बुद्धी आणि अहंकार हीसुद्धा प्रकृतीचीच रूपे आहेत, साक्षी चैतन्य त्यांहून वेगळे आहे. ही तत्त्वमीमांसा कोणाला पटो वा न पटो, तिच्यातून निघणारा नीतीचा भाग सर्वांना घेता येतो, तो असा की, माणसाची प्रतिष्ठा त्याच्या चलाखीवर, स्मरणावर किंवा गोड स्वभावावर उभी नाही, आणि म्हणून ती गेल्यावर प्रतिष्ठा जात नाही.

दैव आणि पुरुषार्थ यांच्या जुन्या वादात टिळकांनी शेवटी प्रयत्नाला जागा ठेवली, आणि या आजाराच्या बाबतीतही ती जागा आहे. क्यूबाच्या होल्गिन प्रांतात याच अटॅक्सियाची कुटुंबे जगात सर्वाधिक एकवटलेली आहेत. तेथे आजार बरा होत नसतानाही तोलाचे व्यायाम, वाणीचे उपचार आणि तपासणीपूर्वी व तपासणीनंतर समुपदेशन यांची व्यवस्था उभी केली गेली, आणि नियमित व्यायामाने रुग्णांच्या हालचालीत सुधारणा होते असे तेथील अभ्यासांत दिसले. भारत सरकारनेही 2021 मध्ये दुर्मिळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, आणि त्याखालील विशेष केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. शरीर कमावण्याची विद्या कोल्हापूरच्या ज्या पेठेत पिढ्यान्पिढ्या जपली गेली, तेथील वस्तादांनी तोल सावरण्याच्या व्यायामात फिजिओथेरपिस्टला हात दिला, तर ती विद्या तिच्या सर्वोत्तम अर्थाने वापरली जाईल.

म्हणून ज्या घरात हा विकार आहे त्या घरातील वडीलधाऱ्यांनी मुले अठरा वर्षांची झाल्यावर त्यांना त्याचे नाव, त्याची रीत आणि निम्मी शक्यता हे तिन्ही मोकळेपणाने सांगावे, तपासणीचा निर्णय त्यांच्यावर सोडावा, आणि ती करावयाची झाल्यास जनुकीय समुपदेशकाकडे जाऊन मगच करावी. कीर्तनकार, पुरोहित आणि ज्योतिषी यांनी आजाऱ्याच्या घरी मागल्या जन्माचे पाप हा विषय काढू नये. काढल्यास घरच्यांनी त्यांना थांबवावे. आणि रस्त्याने पाय फाकवून, भिंतीला हात लावत चाललेला माणूस दिसला, तर तो प्यालेला आहे असे ठरवण्याआधी त्याला हात द्यावा.